गाडी गरम करून आणा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पीयूसी सेंटर आहे. सेंटर म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक गॅस अ‍ॅनालायझर, एक स्मोक मीटर, कॉम्प्युटर आणि बाहेर गाडी उभी करायला रस्त्याची कड. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला वेल्डिंगवाला, समोर चहाचा गाडा. येतात त्या बहुतेक दुचाकी. पन्नास रुपये देतात, ओटीपी सांगतात, जातात. धुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. लोकांना कागद पाहिजे असतो.

2023 च्या मार्चमधला एक मंगळवार मात्र पुरा धुरावर बोलण्यात गेला.

साडेदहाच्या सुमाराला पांढरी मारुती 800 आली. 2008 ची. डॅशबोर्डवर अंबाबाई, मागच्या काचेपाशी क्रोशाचा रुमाल. चालवायला एक काकू, साठी केव्हाच ओलांडलेल्या. सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशियर होत्या हे त्यांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं. गाडीला पंधरा वर्षं भरत आलेली, म्हणून रिन्यूअल करायचं होतं. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात सगळ्यात वर एक कागद : फेरनोंदणी फी 5,000, पर्यावरण कर 3,000.

"आठ हजार," काकू म्हणाल्या. "विकायला काढली तर चाळीस येतील. पर्यावरणाचं मी काय घोडं मारलंय, ते तेवढं तुझ्या मशीनला विचार."

मी नंबरप्लेटचा फोटो घेतला, सायलेन्सरमध्ये प्रोब घातला. आकडे स्थिर झाले. कार्बन मोनॉक्साइड 0.91 टक्के, हायड्रोकार्बन 820. बीएस-2, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतल्या गाडीला मर्यादा 0.5 आणि 750. म्हणजे दोन्ही विषयांत नापास.

काकू स्क्रीनकडं बघत राहिल्या. "आयुष्यात पहिल्यांदा," एवढंच म्हणाल्या.

मी विचारलं, "घर कुठं?" घर राजारामपुरीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. मग कारण कळलं. सायलेन्सरला धूर साफ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो तापल्याशिवाय काम करत नाही. पाच मिनिटांत आलेली गाडी थंड असते, आणि थंड गाडी घाण सोडते. "काकू, गाडी गरम करून आणायला लागेल. तावडे हॉटेलपर्यंत एक फेरी मारू. एवढ्या दोन गाड्या होऊ देत, मी येतो सोबत."

पहिली होती एक दांडगी पांढरी एसयूव्ही, डिझेल, बीएस-6, दोन वर्षांची. मालक आत नव्हते, ड्रायव्हर होता. स्मोक मीटरची नळी लावली, म्हटलं फुल रेस द्या. त्यानं दिली. अख्खी गल्ली दणाणली, चहावाला वळून बघायला लागला, आणि मीटरवर आलं 0.08. जवळजवळ शून्यच. काजळी गाळणारा डीपीएफ आहे, धूर दिसणारच नाही. दीडशे रुपये, पास. काकू खुर्चीत बसून हे बघत होत्या.

"किती पळाली?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"एक लाख दोन हजार. सायबांचं रोज पुणं, सोलापूर, मुंबई चालूच असतंय."

"अ‍ॅव्हरेज?"

"बारा. एसी लावून."

काकूंनी माझ्या टेबलावरचं जुनं बिल उलटं केलं आणि पेन मागितलं. तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला मागची बाजू कोरी दिसली की राहवत नाही. "एक लिटर डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड किती होतो? तुला ठाऊक असणार."

ठाऊक होतं. पेट्रोलचा सव्वादोन-अडीच किलो, डिझेलचा पावणेतीन किलोच्या आसपास. काकूंनी पेट्रोलला 2.3 आणि डिझेलला 2.7 धरले. एसयूव्हीचे वर्षाला पन्नास हजार किलोमीटर, भागिले बारा, म्हणजे चार हजार एकशे सत्तर लिटर. गुणिले 2.7. सव्वाअकरा टन. त्यांची 800 गेल्या वर्षी अठराशे किलोमीटर फिरली होती, त्यातही बरेचसे महिन्यातून एकदा इचलकरंजीला बहिणीकडं जाण्यात. अठराचं अ‍ॅव्हरेज, शंभर लिटर, दोनशे तीस किलो.

"पन्नास पट," काकू म्हणाल्या. "आणि नापास मी."

ड्रायव्हर पोरगा चांगला होता, पण सायबांची बाजू सोडायला तयार नव्हता. "काकू, आमच्या सायबांनी वन टाइम टॅक्स सव्वापाच लाख भरलाय. पस्तीस लाखाची गाडी, पंधरा टक्के. तुम्ही तीन हजाराचं काय धरून बसलाय?"

त्याचं खोटं नव्हतं. आपल्याकडं तेव्हा वैयक्तिक डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत 13 टक्के, वीसपर्यंत 14, त्यापुढं 15 असा हिशेब होता. पेट्रोलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के कमी, सीएनजीला त्याहून कमी, इलेक्ट्रिकला माफ. पण हे टक्के किमतीवर. पस्तीस लाखांची गाडी शेडमध्ये झाकून ठेवा नाहीतर वर्षाला लाखभर किलोमीटर पळवा, सव्वापाच लाख तेवढेच. जीएसटीवर तेव्हा जो जादा सेस होता तो तर त्याहून गमतीचा. गाडी चार मीटरपेक्षा लांब आहे का, इंजिन पंधराशे सीसीच्या वर आहे का, ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर आहे का, तर एसयूव्ही धरून 22 टक्के. सरकार गाडीला फूटपट्टी लावतं, प्रोब लावत नाही. हे मी बोललो नाही. गिऱ्हाइकांपुढं मी शक्यतो सरकारवर बोलत नाही, माझं लायसन्स तिथूनच येतं.

दुसरी गाडी दुधाचा टेम्पो. 2012 चा, मागं अ‍ॅल्युमिनियमची कॅन. सकाळी संकलन उरकून थेट आलेला, इंजिन तापलेलं. रेस दिली आणि वेल्डिंगवाल्यानं शिव्या दिल्या, एवढा काळा लोट. मीटरवर 3.4. मर्यादा 2.45. नापास.

"भावा, काढून दे की," टेम्पोवाला हळू आवाजात म्हणाला. "पासिंग हाय परवा. आठ वर्षं झाल्यापासनं ह्यो पर्यावरणाचा कर बी भरतोय. आणि किती भरू?"

मी नाही म्हटलं. पूर्वी असं काढून देणारे होते, आताही असतील. पण तो धूर मी रोज नाकात घेतो. शेजारच्या गाळ्यातला एअर फिल्टर आणि नोझलवाला मिस्त्री दाखवला आणि काकूंच्या गाडीत जाऊन बसलो.

कावळा नाक्यापर्यंत काकूंनी गाडी तिसऱ्यातच ठेवली. मी म्हटलं, "दाबा जरा, तेवढ्यासाठीच आलोय." पुढं रस्ता मोकळा मिळाला तशी त्यांनी दाबली, आणि गाडीनं पंधरा वर्षांच्या मानानं बरी साथ दिली.

वाटेत त्यांनी भाच्याची गोष्ट सांगितली. भाचा बर्मिंगहॅमला असतो. इंग्लंडात 2001 पासून गाडीचा वार्षिक कर किलोमीटरमागं किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड त्यावर लावायला लागले. पुढं शंभर ग्रॅमच्या आतल्या गाडीला तो शून्य झाला. डिझेल गाडी तेवढ्याच अंतराला तेल कमी पिते, ग्रॅम कमी भरतात, म्हणून झाडून सगळे डिझेलकडं वळले. भाच्यानंही 2012 मध्ये अशीच घेतली, कर शून्य, काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवली. मग 2021 च्या जूनमध्ये बर्मिंगहॅमनं शहराच्या मध्यभागात जुन्या डिझेलला दिवसाला आठ पौंड लावले, कारण आता शहराला कार्बनपेक्षा डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त नको झाले होते. "तीच गाडी, तोच मुलगा," काकू म्हणाल्या. "आधी शाबासकी, मग दंड."

मला यात नवल वाटलं नाही, कारण हा घोळ माझ्या टेबलावर रोज असतो. धूर म्हणजे एक वस्तू नव्हे. माझ्या अ‍ॅनालायझरवर पेट्रोल गाडीचा कार्बन डायऑक्साइडही दिसतो, आणि तो चौदा-पंधरा टक्के आला की मी मनात म्हणतो, वा, जळण झकास आहे. ज्या वायूनं जग तापतंय तोच आमच्या धंद्यात तब्येतीची खूण. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं तर माझ्या मशीनला नावही माहीत नाही, ते मोजतच नाही. म्हणजे मी पास करतो ते काय, आणि नापास करतो ते काय? गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो तो धूर वेगळा, आणि आभाळाला लागतो तो वेगळा. पहिल्याचा हिशेब मशीनवर होतो. दुसऱ्याचा पंपावर, लिटरनं.

हे मी काकूंना बोलून दाखवलं. त्यांनी तावडे हॉटेलला वळण घेता घेता पुढचा आकडा काढला. तेव्हा केंद्राची एक्साइज पेट्रोलला लिटरमागं 19 रुपये 90 पैसे होती आणि डिझेलला 15 रुपये 80 पैसे, राज्याचा व्हॅट वेगळा. "म्हणजे मी शंभर लिटरवर दोन हजार भरतेच आहे दरवर्षी. तो एसयूव्हीवाला पासष्ट हजारांच्या वर भरतो. हा कर मला मान्य आहे. जाळलं तेवढं भरलं. पण डिझेल जास्त कार्बन सोडतं आणि त्यालाच कमी कर, हे कुठलं गणित?"

"ते शेतकऱ्याचं गणित, काकू. ट्रॅक्टर, ट्रक, एसटी."

"मग एसयूव्ही कशी घुसली त्यात?"

याचं उत्तर मला आलं नाही. एवढं खरं, की तीन हजारांच्या पर्यावरण करानं कुणी जुनी गाडी मोडीत काढल्याचं मी अजून बघितलेलं नाही. लोक शिव्या देतात आणि भरतात. पण काकूंची गाडी बघून जुन्या गाड्यांची कड घ्यावी, तर तेही मला जमत नाही. पंधरा वर्षांवरची गाडी म्हटलं की माझं मशीन बहुतेक वेळा कुरकुरतंच, आणि प्रत्येकीला तावडे हॉटेलची फेरी लागू पडत नाही.

परत आलो, इंजिन बंद न करता प्रोब घातला. 0.34. हायड्रोकार्बन 410. काकूंनी टाळी वाजवली, खरंच वाजवली. मी एकशेपंचवीस रुपये घेतले आणि प्रिंट काढली.

चहाच्या गाड्यावर बसलेला टेम्पोवाला हे सगळं बघत होता. मिस्त्रीनं त्याचं नोझल काढलं होतं, टेम्पो बॉनेट उघडून पडलेला.

"ह्यांची गरम करून पास. माझी गरम हुती तर नापास."

"तुझी गरम असूनच काळं ओकत होती रं," मी म्हटलं. पण बोलताना मला थोडं चोरट्यासारखं झालं. काकूंसोबत मी स्वतः गाडीत बसून गेलो होतो. त्याला बोटानं गाळा दाखवला होता.

काकूंनी त्याला हिशेब समजावायला घेतला, की कर डिझेलवरच घ्यावा, गाडीच्या वयावर नको. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हंजे डिझेल आणखी म्हाग करायचं. कोल्हापुरानं टोल उचकटून टाकला, आन तुम्ही ह्यो पंपावरचा टोल बसवा म्हणताय. सायेब शंभर रुपये वाढलं तरी पुण्याला जाणारच. मी काय करू? दुधाचा वाहतूक दर वाढवून देतायसा काय?"

काकू जरा थांबल्या. मग त्यांनी बिलाच्या मागं तिसरी ओळ ओढली. "सांग तुझं. रोज किती?"

"अडतीस किलोमीटर. अ‍ॅव्हरेज अकरा."

त्यांनी गुणाकार केला, वर्षाचे तीन हजार चारशे किलो आले. मग सगळ्यात उजवीकडं एक नवा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'काय नेलं'. स्वतःच्या ओळीत 'मी, कधी बहीण'. एसयूव्हीच्या ओळीत 'एक साहेब'. टेम्पोवाल्याला विचारलं, "दूध किती?"

"बाराशे लिटर, रोजचं." तो कागदावर वाकला, बोट ठेवून ओळ वाचली. "पर काकू, तुम्ही निस्तं यायचं धरलंय. मोकळी कॅन घिऊन परत बी जायला लागतंय न्हवं."

"अरे हो की," म्हणत काकूंनी आकडा खोडला आणि शेजारी दुप्पट लिहिला.

साडेचारला टेम्पो परत नळीला लागला. 2.3. मी त्याचे दीडशे घेतले, मिस्त्रीनं अकराशे. संध्याकाळची फेरी चुकू नये म्हणून तो पावती खिशात कोंबतच गेला. बिल टेबलावरच राहिलं. अजून काचेखाली आहे, खोडलेल्या आकड्यासकट.