कमाई कमी, म्हणून मदत नाही

अमेरिकेत ज्याच्याकडे हेल्थ इन्शुरन्स नाही तो बेकार असणार, नाहीतर त्याच्याकडे कागदपत्रं नसणार, असं आपल्या मंडळींत सर्रास बोललं जातं. मी टेक्ससमध्ये राहते. १ नोव्हेंबरला सरकारी मार्केटप्लेसची, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटची, नोंदणी सुरू झाली की दर वर्षी लायब्ररीत बसून लोकांना अर्ज भरायला मदत करते. समोर येणारे बहुतेक जण कामावरून थेट आलेले असतात. कुणाच्या अंगावर अजून किचनचा युनिफॉर्म असतो, कुणी एका घरची सफाई उरकून दुसऱ्या घरी जाता जाता आलेली असते.

त्यातल्या एका बाईबद्दल मला लिहायचंच आहे. वय पन्नाशीच्या पुढे, एकटी, मूलबाळ नाही. काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं, हात धरून चालवणं. एजन्सी तिला आठवड्याला तीस तासांच्या आतच काम देते. पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकाने तीस तास भरणाऱ्यांना इन्शुरन्स देऊ केला नाही तर त्याला दंड बसू शकतो. तास कमी ठेवले की तो प्रश्नच मिटतो. तिची वर्षाची कमाई होती साधारण चौदा हजार डॉलर. ब्लडप्रेशर आणि शुगर, दोन्ही मागे लागलेलं.

अर्ज पूर्ण झाला आणि स्क्रीनवर प्लॅन आले ते पूर्ण किमतीचे. महिन्याला कित्येकशे डॉलर, सबसिडी, म्हणजे हप्त्यात सरकारी मदत, काहीच नाही. तिने विचारलं, "माझी कमाई जास्त झाली का?" मला सांगावं लागलं, "नाही हो, कमी पडली."

हे असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात, म्हणजे 'ओबामाकेअर'मध्ये, मांडणी सरळ होती. गरिबातल्या गरिबाला मेडिकेड हा सरकारी इन्शुरन्स, त्याच्या वरच्याला मार्केटप्लेसवर सबसिडी. मेडिकेडची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत सगळ्या राज्यांत वाढेल असं कायदा करणाऱ्यांनी धरलं होतं, म्हणून सबसिडीची सुरुवात त्यांनी दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांवर ठेवली. त्याखालच्यांना मेडिकेड असणारच होतं! पण जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. वाढीव खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलत असूनही दहा राज्यांनी ती अजून स्वीकारलेली नाही. टेक्सस त्यातलंच एक. फ्लोरिडा आणि जॉर्जियाही.

इथे अपंगत्व किंवा गरोदरपण नसलेल्या, मूल नसलेल्या, ६५ च्या आतल्या माणसाला मेडिकेड नाही, मग त्याची कमाई शून्य का असेना. लहान मुलांच्या आईबापांना मिळतं, पण त्यांची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या पाव हिश्शाइतकीही नाही. २०२५ ची एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर. म्हणजे सोळा हजार कमावणाऱ्याला नाममात्र हप्त्यात चांगला प्लॅन मिळतो आणि चौदा हजारवाल्या बाईला काहीच नाही. याला मी अन्यायच म्हणते. यात नशिबाचा काही संबंध नाही. राज्याने ठरवलं तर हा खड्डा बुजतो, हे चाळीस राज्यांनी दाखवून दिलंय.

अशा वेळी मी कमाईची पुन्हा नीट मोजणी करायला लावते. खोटा आकडा घालायचा नाही, पण खरी कमाई सुटूही द्यायची नाही. शेजारच्यांची मुलं सांभाळून मिळालेले रोख पैसे, कपडे शिवून मिळालेले पैसे, हीही कमाईच आहे. ती टॅक्समध्ये दाखवली तर काही जण रेषेच्या वर येतात. त्या बाईच्या बाबतीत तेवढ्याने जमलं नाही.

आणि याच लोकांना स्वस्त इन्शुरन्स विकणाऱ्यांचे दिवसभर फोन येत असतात. 'महिन्याला थोडेसे पैसे, सगळं कव्हर.' हातात पडतो तो असा कागद, की हॉस्पिटलात एका दिवसाला ठरावीक रक्कम मिळेल आणि आधीपासूनचा आजार यात धरलेला नाही. मला याची फार चीड येते, कारण गरजू माणूस आपल्या औषधाचे पैसे तिकडे भरून बसतो.

आपल्या मराठी घरांतही हे येतं. नोकरी गेली की कोब्रा मिळतो, म्हणजे कंपनीचाच इन्शुरन्स काही काळ पुढे चालू ठेवता येतो, पण त्यात मालकाचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. तो निवडायला साठ दिवस असतात, आणि मार्केटप्लेसवर यायलाही साठच. आई-बाबांना ग्रीन कार्डवर आणलं तर पासष्टी उलटली असली तरी पैसे भरून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स) घ्यायलाही सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. त्यांना बोलावण्याआधीच याचा विचार करा.

त्या बाईला मी कम्युनिटी हेल्थ सेंटरचा पत्ता दिला. केंद्र सरकारच्या अनुदानावरची ही केंद्रं कमाई बघून फी ठरवतात आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. शुगरची तपासणी तिथे सुरू झाली. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं किंवा एखादं ऑपरेशन निघालं, की पुन्हा तेच. इमर्जन्सी रूममध्ये १९८६ च्या कायद्याने तपासावं लागतं आणि प्रकृती स्थिर करावी लागते, पण फुकट नव्हे. बिल घरी येतंच.

ते बिल आलं की घाबरून क्रेडिट कार्ड काढू नका. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. बिलिंगवाल्यांकडे 'फायनान्शियल असिस्टन्स'चा अर्ज नाव घेऊन मागा, आपणहून ते देतीलच असं नाही. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि बिल वसुलीवाल्यांकडे गेलं असलं तरी त्या मुदतीत तो अर्ज हॉस्पिटलला घ्यावाच लागतो.