काटा नि आकडा

जुन्या मारुती एटहंड्रेडचा वेगाचा काटा शून्यावर झोपला, तरी गोव्यात महिना-महिना कुणाचं काही अडत नाही. पणजीहून म्हापसा किती लांब हे ठाऊकच असतं, आणि वेग पुढच्या बसवर ठरतो. अडतं ते उशिरा. इंजिन ऑइल बदलायची वेळ धावलेल्या किलोमीटरांच्या आकड्यावरून कळते, आणि आकडा तर मिरगाआधीच थांबलेला असतो.

गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं, "केबल गेल्या, बाब." बहुतेकदा ते खरंही निघतं. केबल म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत कवरात फिरणारी तार. तरी नवी आणण्याआधी डॅशबोर्डकडे नीट पाहावं. काटा आणि आकडा दोन्ही मेले असतील, तर दोष केबलीत, नाहीतर तिला फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या पिनियनमध्ये, म्हणजे छोट्या दातेरी चाकात. काटा चालतो, आकडा हलत नाही? मग केबलीचा काही गुन्हा नाही. मीटरमधलं एखादं दातेरी चाक फुटलंय.

कारण केबल एक असली, तरी पुढे वाटा वेगळ्या. तिच्या टोकाशी लोहचुंबक फिरतो आणि त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युतप्रवाह उठतात, वाटी ओढली जाते, केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्त्सेने याचं पेटंट 1902 साली घेतलं. आकडा मात्र निव्वळ दात्यांवर सरकतो.

समुद्रालगतच्या गाड्यांत केबल लवकर दगा देते. बाहेरचं कवर चिरलं की खारी हवा नि पावसाचं पाणी आत शिरतं. गंजलेली, सुकलेली केबल अडकत-सुटत फिरते. म्हणून काटा थरथरतो आणि मागून टिकटिक ऐकू येते. अशी केबल तुटायच्या आधी उपसावी. मीटरचा भाग मोकळा करून आतली तार वरून ओढायची. ती अर्धीच हातात आली, तर उरलेली गिअरबॉक्सकडून काढावी लागते. तार रॉकेलने धुऊन पुसायची नि ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, पण मीटरकडची अर्धी वीत कोरडीच ठेवायची. फिरती तार मळसूत्रासारखी ग्रीस वर चढवते. ते चुंबक आणि वाटीच्या फटीत गेलं, की काटा थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन चिकटतो. "जास्त ग्रीस, जास्त आयुष्य" म्हणणाऱ्या मेस्त्रीला इथे अडवलंच पाहिजे.

बसवताना केबल काटकोनात वळवू नये. मग पुढचं एक चाक जॅकवर उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला ठेवून, चाक हाताने फिरवायचं. तारेचं चौकोनी टोक फिरत नसेल, तर दोष खाली पिनियनमध्ये.

आकड्याचं काम नाजूक. प्लास्टिकचं चाक वर्षांनी आक्रसतं, चिरतं आणि आपल्या दांड्यावर नुसतं घसरतं. दांडा बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करून एपॉक्सीचा एक थेंब पुरतो. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. नवं चाक घेतलं तर दाते मोजून घ्यावेत. एक कमी-जास्त झाला, की किलोमीटरच बदलतो. भंगारातलं अख्खं मीटर आणलं, तर त्यासोबत परक्या गाडीचा प्रवास येतो. जुना आणि नवा, दोन्ही आकडे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक फसेल.

जपानी घडणीच्या अनेक मीटरांना किलोमीटरमागे केबलीचे 637 फेरे लागतात. म्हणजे ड्रिलने मीटरला मिनिटाला 637 फेरे दिले, तर काटा साठावर, आणि मिनिटात एक किलोमीटर. पण ड्रिल कुणाकडे? मग पत्रादेवी ते पोळे हायवेवर मोकळा पट्टा बघून, शेजारच्याच्या हातात घड्याळ द्यावं. काटा साठावर धरून लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधलं अंतर 60 सेकंदांत कापलं पाहिजे. दोन-तीन सेकंद जास्त लागले तर काळजी नाही, मीटर थोडा वाढवूनच दाखवतो. कमी लागले, तर मीटर उघडण्याआधी टायरवरचा आकडा वाचावा. 145/70 आर 12 च्या जागी थोडा मोठा 155/70 बसवला असेल, तर काटा साठ म्हणतो तेव्हा गाडी साडेएकसष्टावर असते.