तुम्ही विचारलंत म्हणून: अणू हलताना खरंच दिसतात का?

लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, एकदा तर दादरच्या पुलावर गर्दीत ढकलाढकली चालू असताना विचारलं, "ताई, तुम्हाला अणू हलताना खरंच दिसतात?" मी आजवर हो म्हणत आले. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग इतकी वर्षं जर्मनीत काय केलंस.

तर एकदाचं लिहिते. धातूच्या पातळ फिल्ममधून आम्ही इलेक्ट्रॉनचा झोत सोडतो, तो आतल्या अणूंच्या रचनेवरून ठरावीक दिशांना विखुरतो, आणि स्क्रीनवर दिसतात ती त्याची वर्तुळं, अणू नव्हे. लेझरचा फटका बसला की अ‍ॅल्युमिनियमची फिल्म तापते, अणू जास्त थरथरतात, वर्तुळं जराशी फिकी पडतात आणि किती पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) किती फिकी पडली यावरून आम्ही हालचालीचा हिशोब मांडतो. फिल्म 20 नॅनोमीटरची, कारण जाड घेतली तर इलेक्ट्रॉन आतच दोन-चारदा आपटतो, मग त्याच्या साक्षीला अर्थ नाही. बस, एवढंच. यात फसवाफसवी काय आहे?

पण बाबा. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये टर्नर होते, आयुष्यभर थाऊवरून भांडलेला माणूस. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 25 मायक्रॉन, तेवढ्या जाडीत माझ्या हजारावर फिल्म बसतील हे ऐकून खूश झाले. लॅपटॉप पुढ्यात ओढला, चष्मा लावला, आणि विचारलं, "दर फटक्याला तोच अणू हलतो का गं?"

आता काय सांगणार. एका पल्समध्ये, म्हणजे झोताच्या एका छोट्या झटक्यात, जास्त इलेक्ट्रॉन कोंबले तर ते एकमेकांना ढकलतात आणि पल्स लांबते, वेळेची अचूकता जाते, म्हणून थोडेच सोडायचे, आणि थोडे सोडले की एका फटक्यात धड काही दिसत नाही म्हणून तेच हजारो वेळा करायचं आणि बेरीज घ्यायची. "म्हणजे हा एका हालचालीचा फोटो नाहीच," बाबा म्हणाले. मी म्हटलं, फिल्म मधल्या वेळात थंड होते, दर वेळी तशीच वागते. "तशीच वागते कशावरून?" मग मी ग्राफ काढले, एरर बार दाखवले, आवाजही चढला माझा, आई स्वयंपाकघरातून बघायला आली. शेवटी त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, "बरं. तू सांगतेस म्हणून मानतो."

जर्नलकडून पेपर परत आले तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. मुलगी सांगते म्हणून मानायचं असेल तर मशीन कशाला हवं!

मी सोडलं नाही. म्हटलं, बाबा, चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचात ना? लेझर ही हातोडी. फिल्म वाजते, जाडी आत-बाहेर होते, वर्तुळं पुढेमागे सरकतात. 20 नॅनोमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमला एका हेलकाव्याला साधारण 6 पिकोसेकंद. जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट, कारण आवाजाला दुप्पट अंतर जाऊन यायचं असतं. हे माझ्या सांगण्यावर नाही, जाडी बदला आणि मोजा. बाबा जरा थांबले. "चाक बद्द वाजलं की तडा आहे एवढं कळतं. कुठे आहे ते बघायला चाक काढावंच लागतं."

पोस्टरवर "अणूंचा सिनेमा" असं झोकात छापणारी पूर्वीची मी असते तर म्हणाली असती, क्ष-किरणांनी मिठाची रचना काढली तेव्हाही कोणी अणू डोळ्यांनी पाहिले नव्हते, ते तुम्ही शाळेपासून मुकाट मानता, मग माझ्याच वेळी उलटतपासणी का? चूक नाही तिचं. फक्त मीठ गप्प बसलेलं असतं, माझी फिल्म नाही.

आणि खरं सांगायचं तर वितळण्याचा प्रयोग आणखी अवघड. टोरंटोत ड्वेन मिलर या शास्त्रज्ञांच्या ग्रुपनं 2003 मध्ये 20 नॅनोमीटरचं अ‍ॅल्युमिनियम साडेतीन पिकोसेकंदांत वितळताना पकडलं, तिथे अणू जागेवर परत येतच नाहीत, दर फटक्याला फिल्मचा कोरा तुकडा घ्यावा लागतो. म्हणजे तोच अणू सोडा, तीच फिल्मसुद्धा नाही. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.