तुम्ही विचारलंत म्हणून: ४०० किलोमीटरला २८ तास का लागतात

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला वर गेले तेव्हापासून हा प्रश्न मला किमान पन्नासदा तरी विचारला गेलाय. मी अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते म्हणून असेल, पण शिकवणीतली पोरं, सोसायटीचे सेक्रेटरी काका, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली कुणीतरी अनोळखी बाई, सगळ्यांचा प्रश्न तोच. स्पेस स्टेशन ४०० किलोमीटरवर आहे ना, म्हणजे कोल्हापूर-मुंबई, आणि रॉकेट तर नऊ-दहा मिनिटांत वर पोचतं, मग २५ जूनला दुपारी बाराला निघालेला माणूस २६ तारखेला दुपारी चारला कसा काय पोचतो? आमच्या चुलत सासूबाई तर म्हणाल्या, अगं महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत पोचवते.

आता याचं दोन वाक्यांत उत्तर देता येतं, मी देतेही, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही, कारण खरं उत्तर आपल्या रोजच्या अनुभवाच्या बरोबर उलटं आहे. आणि ते उलटं आहे हे चांगल्या चांगल्या पायलट लोकांनाही वर जाऊन धक्का खाल्ल्यावरच अंगात मुरलं. म्हणून मी सरळ १९६५ सालापासून सुरू करते, कंटाळा आला तर पुढे ढकला.

३ जून १९६५, जेमिनी ४, म्हणजे नासाच्या दोन माणसांच्या यानांच्या मालिकेतली एक मोहीम. आत दोघं, जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट. ही मोहीम लोकांना आठवते ती व्हाइटच्या स्पेसवॉकमुळे, अमेरिकेचा पहिला, वीस-बावीस मिनिटांचा, आणि आत ये म्हटल्यावर तो म्हणाला की हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा क्षण आहे. ते फोटो सगळ्यांनी बघितलेत. पण त्याच्या आधी, पहिल्याच फेरीत, एक गोष्ट घडली जी फारशी कुणी सांगत नाही आणि मला तीच जास्त आवडते.

झालं असं की त्यांना वर घेऊन गेलेल्या टायटन रॉकेटचा दुसरा टप्पा त्यांच्यापासून सुटा होऊन जवळच तरंगत होता. ठरलं होतं की मॅकडिव्हिटने यान वळवायचं आणि त्या रिकाम्या टप्प्याच्या जवळ जाऊन सोबत उडायचं, एक सराव म्हणून. सोपं वाटतं ना? तो हवाई दलाचा टेस्ट पायलट, कोरियन युद्धात लढाऊ विमानं उडवलेला, विमानाला विमान लावून उडणं त्याच्या हातचा मळ. त्याने काय केलं, आपण कुणीही केलं असतं तेच, यानाचं नाक टप्प्याकडे केलं आणि थ्रस्टर, म्हणजे यान ढकलणारी छोटी इंजिनं, पेटवले. आणि टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांब जायला लागला, खाली खाली. परत नाक तिकडे, परत थ्रस्टर, परत तेच. त्यात यानावर रडार नाही, टप्पा स्वतः गोल फिरतोय, उरलेलं इंधन फुसफुस बाहेर टाकतोय, तो किती लांब आहे यावर आतल्या दोघांचं एकमत नाही. शेवटी जवळजवळ निम्मं इंधन उडाल्यावर खालून सांगितलं की सोड नाद.

आता हे का झालं ते बघा, कारण सगळं उत्तर इथेच आहे.

पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू म्हणजे सतत पडत असलेली वस्तू. ती आडवी इतक्या वेगात जातेय की पडता पडता जमीनच तिच्याखालून वळून जाते. जितकी खाली, तितकी ओढ जास्त, म्हणून तितका वेगही जास्त लागतो. २०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला साधारण ७.७८ किलोमीटर, ४०० वर साधारण ७.६७. फरक चिमूटभर. पण खालचं वर्तुळ लहानही आहे, त्यामुळे खालचा एक फेरी साधारण ८८ मिनिटांत मारतो आणि वरच्याला ९२ च्या वर लागतात. शाळेच्या मैदानावर फक्कीने ट्रॅक आखलेले असतात ना, तसं समजा, आतल्या ट्रॅकवरचा पळतोही जोरात आणि त्याला अंतरही कमी, म्हणजे तो पुढे जाणारच.

आता तुम्ही कुणाच्या तरी मागे आहात, त्याच ट्रॅकवर. त्याला गाठायचंय म्हणून तुम्ही पुढे जोर लावला. जोर लावला की तुम्ही वरच्या, बाहेरच्या ट्रॅकवर फेकले जाता, तिथे फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणजे तुम्ही मागे पडता. अजून जोर लावा, अजून मागे पडा. मॅकडिव्हिटचं हेच झालं. गाठायचं असेल तर उलटं करायचं, ब्रेक मारायचा! ब्रेक मारला की तुम्ही खाली उतरता, उतरता उतरता वेग वाढतो, वर्तुळ लहान होतं आणि तुम्ही खालून त्याला गाठता, मग योग्य वेळी परत थोडं वर चढायचं. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं की एक तरी पोरगं म्हणतंच, मॅडम हे चुकीचं आहे. मी म्हणते बरोबर आहे बाळा, तुझ्यासारखंच एका टेस्ट पायलटला पण वाटलं होतं. (एकदम जवळ आल्यावर, म्हणजे शे-दोनशे मीटरवर आणि थोड्या वेळापुरतं, सरळ नाक करून जाणं चालतं. गडबड होते ती लांबून.)

गंमत म्हणजे हे गणित तेव्हा माहीत नव्हतं असं अजिबात नाही. केप्लरपासून माहीत होतं. बझ ऑल्ड्रिनने तर १९६३ साली एमआयटीमध्ये याच विषयावर पीएचडी केली होती, कक्षेत दोन यानांची गाठ कशी घालायची यावर, आणि बाकीचे अंतराळवीर त्याला डॉक्टर राँदेव्हू (राँदेव्हू म्हणजे भेट) म्हणून चिडवायचे. पण कागदावर माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यात फरक आहे. गाडी शिकताना क्लच म्हणजे काय हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी पहिल्या चढावर गाडी बंद पडतेच.

मग सहा महिन्यांनी तीच माणसं, म्हणजे तोच कार्यक्रम, हे करून दाखवतो आणि ही माझी सगळ्यात आवडती मोहीम. लोकांना वाटतं मी अपोलो ११ म्हणेन. नाही, जेमिनी ६ आणि ७.

मुळात जेमिनी ६ ला एका बिनमाणसाच्या ॲजिना नावाच्या रॉकेटला जाऊन भेटायचं होतं. २५ ऑक्टोबर १९६५ ला वॉली शिर्रा आणि टॉम स्टॅफर्ड यानात तयार बसलेत, ॲजिना आधी सुटलं आणि वर जाता जाता फुटलं. ज्याला भेटायला जायचं तोच गेला. तेव्हा कुणीतरी डोकं चालवलं की पुढची मोहीम जेमिनी ७ आहेच, तिच्यात फ्रँक बोरमन आणि जिम लॉव्हेल १४ दिवस वर राहणार आहेत, तर त्यांनाच जाऊन भेटा की. ४ डिसेंबरला ७ आधी गेलं, मग ६. क्रम उलटा आहे म्हणून मुलं गोंधळतात, पण तसंच आहे ते.

१२ डिसेंबरला ६ चं इंजिन पेटलं आणि सव्वा सेकंदात बंद पडलं. रॉकेट जागेवर. पण आतलं घड्याळ सुरू झालं, म्हणजे यानाच्या मते आपण उडालोय. नियम स्पष्ट होता, अशा वेळी दोन पायांच्या मध्ये असलेली रिंग ओढायची आणि खुर्च्यांसकट बाहेर फेकलं जायचं, कारण रॉकेट चार बोटं जरी वर उचललं गेलं असेल तरी ते परत खाली बसताना फुटणार. शिर्राने रिंग ओढली नाही. त्याला पाठीत उचलल्यासारखं जाणवलंच नव्हतं, आणि त्याने घड्याळापेक्षा पाठीवर विश्वास ठेवला. ओढली असती तर माणसं जायबंदी झाली असती, यान तर वायाच गेलं असतं. नंतर सापडलं की एक प्लग वेळेआधी निसटला होता, आणि तपासता तपासता अजून एक सापडलं, इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं प्लॅस्टिकचं झाकण कुणीतरी काढायचं विसरलं होतं! म्हणजे प्लग निसटला नसता तरी ते इंजिन बंदच पडणार होतं.

तीन दिवसांत, १५ डिसेंबरला, परत सुटले. आणि आता बघा, हे जास्त महत्त्वाचं आहे, ते सरळ ७ च्या जवळ गेलेच नाहीत. ७ साधारण ३०० किलोमीटरवर फिरतंय, हे मुद्दाम खाली राहिले, १६० ते २६० च्या कक्षेत, आणि सुरुवातीला जवळजवळ २००० किलोमीटर मागे. मग प्रत्येक फेरीत आतल्या ट्रॅकवरून अंतर आपोआप कमी होतंय, मधून मधून छोटे छोटे धक्के द्यायचे, सेकंदाला काही मीटर इतकेच, कक्षा थोडी वर, थोडी गोल, थोडी तिरकी दुरुस्त. साधारण ४३० किलोमीटरवर रडारने ७ ला पकडलं. मग एकदा शिर्राला समोर एक तारा दिसला, झगझगीत, त्याला वाटलं व्याध आहे, तो व्याध नव्हता, बोरमन आणि लॉव्हेल होते. उड्डाणानंतर सहा तासांच्या आत दोन यानं एकमेकांपासून ४० मीटरवर, एकमेकांच्या हिशोबाने अगदी स्थिर, दोन्ही ताशी २८ हजार किलोमीटरने जात असताना. नंतर साडेचार तासांच्या आसपास ती जोडीने फिरत राहिली, मध्ये एकदा अंतर फूटभरावर आलं होतं. शिर्राने खिडकीत आर्मीला हरवा असा फलक लावला होता, कारण तो आणि स्टॅफर्ड नेव्हीच्या अकॅडमीतले आणि बोरमन आर्मीच्या. पोरकटपणाच, पण अकरा दिवस फियाटच्या पुढच्या सीटएवढ्या जागेत बसलेल्या माणसाला तो फलक दिसल्यावर काय वाटलं असेल.

इथे एक वाद नेहमी निघतो की रशियाने हे आधीच केलं होतं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये व्होस्तोक ३ आणि ४, निकोलायेव आणि पोपोविच, पाच-सहा किलोमीटरवर आले होते हे खरं. पण त्या यानांना स्वतःची कक्षा बदलताच येत नव्हती, वेळ अचूक साधून दुसरं सोडलं म्हणून ते पहिल्याच्या जवळून गेलं आणि मग लांब गेलं. समोरून येणारी एसटी खिडकीजवळून गेली म्हणजे तुम्ही तिच्यात बसलात असं नाही. शिर्राचंही म्हणणं तेच, एकमेकांच्या तुलनेत हालचाल पूर्ण थांबली पाहिजे, तेव्हाच भेट म्हणायची. अर्थात वेळ साधून सोडणं ही काही कमी कामगिरी नव्हे, पुढे तेच कामाला आलं, सांगते.

पुढच्या मार्चमध्ये जेमिनी ८ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष जोडणी केली आणि अर्ध्या तासात एक थ्रस्टर चालूच राहून यान गरगरा फिरायला लागलं, सेकंदाला एक गिरकी इथपर्यंत. ती गोष्ट मोठी आहे, वेगळी लिहीन.

आता शुक्लांकडे या. स्टेशनची कक्षा म्हणजे आकाशातली एक तिरकी रिंग, आणि पृथ्वी तिच्या आत फिरतेय. फ्लोरिडातला लाँचपॅड त्या रिंगच्या बरोबर खाली येतो तो क्षण गाठूनच उडावं लागतं, म्हणून वेळ सेकंदात ठरलेली असते, पाच मिनिटं उशीर चालत नाही. पण रिंग डोक्यावर आली म्हणजे स्टेशन डोक्यावर आलं असं नाही! स्टेशन त्या क्षणी रिंगवर कुठेही असेल, कदाचित पृथ्वीच्या पार पलीकडे. समजा अर्ध वर्तुळ पुढे आहे. तुम्ही २०० किलोमीटरवर आतल्या ट्रॅकवर आहात, दर फेरीला चार मिनिटांचा फायदा, म्हणजे अर्ध वर्तुळ भरून काढायला अकरा-बारा फेऱ्या, म्हणजे सोळा-सतरा तास गेले. वर जाल तसा हा फायदा कमी कमी होत जातो, शिवाय प्रत्येक टप्प्यावर थांबून तपासणी. झाले २८. वर पोचायला दहा मिनिटं लागली हे खरंच आहे, बाकी सगळा वेळ खालच्या ट्रॅकवर फिरत वाट बघण्यात गेला, इंजिन बहुतेक वेळ बंदच. त्याच जातीचं यान त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साधारण १५ तासांत पोचलं, कारण त्या दिवशी स्टेशन सोयीच्या जागी होतं. आणि रशियाचं सोयूझ तर २०२० साली तीन तासांत पोचलंय, कारण स्टेशनची जागा आधीच जुळवून घेतली आणि क्षण साधून सोडलं, तीच ती व्होस्तोकवाली सवय.

आपल्या इस्रोच्या स्पेडेक्सच्या, म्हणजे कक्षेत दोन उपग्रह जोडायच्या प्रयोगाच्या वेळी, २०२५ च्या जानेवारीत, व्हॉट्सॲपवर किती टिंगल चालली होती आठवतंय का? २२० किलोचे दोन उपग्रह, तारीख दोनदा पुढे गेली, मग १२ तारखेला तीन मीटरपर्यंत जवळ आणून परत मागे नेले, आणि लोक म्हणाले हे काय लग्न ठरवताय का. मला तेव्हा राग आला होता खरं म्हणजे. तीन मीटरवर आणून, सगळी मापं बघून, शांतपणे मागे नेता येणं हीच तर परीक्षा आहे. १६ जानेवारीला जोडले आणि भारत हे करणारा चौथा देश झाला.

हे सगळं मी चुलत सासूबाईंना सांगितलं, ताटात पोळी वाढता वाढता, ट्रॅक वाटीने काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे पुढे जायचं तर ब्रेक मारायचा. म्हटलं हो. मग म्हणाल्या, आणि खाली यायचं असेल तर? म्हटलं, तेव्हा पण ब्रेकच. तर म्हणाल्या मग त्या शुक्लाला परत यायला बावीस तास का लागले, नुसता ब्रेकच मारायचा होता ना. पोळी तव्यावर होती म्हणून सुटले.