डब्यातले भुंगेरे

काल तिन्हीसांजेला दादानं प्लास्टिकच्या डब्यात भुंगेरे आणून दिले. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. "घे, काढ फोटो. जित्ते हायत, रॉकेलात न्हाई टाकले," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

वळीव झाला की ही मंडळी मातीतून वर येतात. अंधार पडता पडता परसातल्या कडुलिंबावर जमतात, पाला खातात, जोड्या जमवतात आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत. दादा फांद्या हलवून त्यांना खाली पाडतो, वेचून बादलीत टाकतो. त्याच झाडाखाली मी मोबाईलला भिंग लावून वाकलेली. गेल्या साली खालच्या पट्टीत हुमणीनं, म्हणजे ह्यांच्याच अळीनं, मुळं खाल्ली, ओढला की ऊस हातात यायचा. तेव्हाही तो माझ्या फोटोंबद्दल अवाक्षर बोलला नाही. आबा असते तर... जाऊ दे.

फोटो मात्र झकास आले. मिशांच्या टोकाच्या पाकळ्या पंख्यासारख्या उघडलेल्या मिळाल्या एकदाच्या, एरवी मिटलेल्याच असायच्या. पण फोटो झाल्यावर ह्यांचं काय करणार, हे दादानं विचारलंच नाही. तेच टोचतंय. सोडले तर मादी अंडी घालणार ती आपल्याच सरीत. मारायचेच तर झाकणाला भोकं कशाला पाडली? विश्वास म्हणून विचारलं नाही, की पोरीच्या हाती खुळखुळा दिला, आता कशाला विचारायचं, असं? चाळिशी उलटली माझी. ह्या घरात माझं काहीच कुणी खरं धरत नाही, असं वाटून रात्री उगीच रडू आलं. डब्यात खुडखुड चाललेली. विचारलं का नसेल त्यानं?

सकाळी उठून बघते तर वहिनीनं डबा कोंबड्यांपुढे पालथा केलेला. "झालं होतं न्हवं तुमचं, वन्सं?"

झालं होतं. रागसुद्धा आला नाही. कोंबड्यांनी एका मिनिटात निकाल लावला आणि मी मेली रात्रभर जागी.

कृषी महाविद्यालयातल्या मॅडमना फोटो पाठवले होते, त्यांचं उत्तर दुपारी आलं. होलोट्रिकिया, म्हणजे हुमणीच्या भुंगेऱ्यांचा एक गट, इथवरच सांगता येईल म्हणाल्या. नेमकी जात ठरवायची तर नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. जेवताना दादाला सांगितलं, जरा आडवळणानंच.

भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग बादलीत बघ की. निम्मे तरी नर असतीलच."