वाढत्या अंगाचा परकर : मनूची आठ सेकंदं अखेर जमली

मनू नावाच्या मुलीचा स्टॉप मोशन एपिसोड मी करतेय : कागदी बाहुल्या किंचित हलवत एकेक फोटो घ्यायचा आणि ते सलग चालवायचे. त्यातला मनू वाढते तो सातवा सीन झाला! 96 फोटो, आठ सेकंदं. चैत्रात सुरू केलेलं काम आषाढात हाती आलं. काल रात्री ते सलग वीसेक वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी मनू मोठी झालेली दिसली. ताणलेली नाही, जवळ आलेली नाही, मोठीच झालेली.

मागची नोंद वाचलेल्यांना माहीत आहे की मी याच जागी अडकले होते. एपिसोड सात मिनिटांचा, सेकंदाला बारा फोटो, म्हणजे एकूण 5040. त्यातले 2280 झाले होते आणि गाडी मनूच्या वाढण्यापाशी थांबली होती. गोष्टच मुळी वाढण्याची, त्यामुळे तो सीन गाळून पुढे जाता येईना.

आधी काय काय फसलं ते लिहिते, म्हणजे कटआउट (असं कापलेल्या बाहुल्यांचं काम) करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तीन महिने वाचतील.

पहिल्यांदा एकच मनू दर खेपेला थोडी मोठी छापून ठेवली. पडद्यावर ती कॅमेऱ्याकडे चालत येतेय असं वाटलं. कारण उघड आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. नवजात बाळाची लांबी साधारण चार डोकी भरते, मोठ्या माणसाची साडेसात. हे प्रमाण तसंच ठेवून आकार वाढवला तर वय वाढत नाही, अंतर कमी होतं.

मग तीन वेगळ्या बाहुल्या कापल्या : पाच वर्षांची, आठ वर्षांची, बारा वर्षांची. प्रमाणं नीट घेतली. कार्टून असल्यामुळे साडेतीन डोक्यांपासून पाच डोक्यांपर्यंत. एकीवरून दुसरीवर डिझॉल्व्ह केलं, म्हणजे एक विरत असताना दुसरी उमटवली, तर तीन बहिणी रांगेत उभ्या राहिल्या.

तिसऱ्या प्रयत्नावर माझा सगळ्यात जास्त जीव होता. मधल्या वयांच्या आणखी बाहुल्या कापून पूर्ण रिप्लेसमेंट केलं, म्हणजे बाहुली हलवण्याऐवजी बदलतच गेले. वाढीच्या वयात आधी हातपाय लांबतात, धड मागून येतं, हे वाचून तोही क्रम पाळला. ऑनियन स्किन लावून (आधीचा फोटो पुसट दिसत राहतो) प्रत्येक फोटो जुळवला. हालचाल लोण्यासारखी आली. आठ वर्षांच्या भाचीला दाखवलं, तर ती मागे सरकली आणि म्हणाली, "तिका कोण ओढता?"

ज्या प्रेक्षकासाठी एपिसोड करतेय त्याच प्रेक्षकाचा हा प्रश्न होता. तो सीन मी त्याच रात्री पुसला.

तोडगा आईनं काढला. ती खोलीत कपडे वाळत घालायला आली होती (पावसाळ्यात कुडाळमधल्या प्रत्येक खोलीत दोरी असते). तिसऱ्या प्रयत्नाची एक क्लिप मोबाइलवर होती, ती तिनं पाहिली आणि म्हणाली, "अगो, चेडू वाढताना दिसता खय? परकर आखूड झालो की कळता." (मुलगी वाढताना दिसते कुठे?)

मी कात्री खाली ठेवली. ट्रंकेतून माझा जुना परकर काढला. आईनं तो वाढत्या अंगाचा शिवला होता. खाली आत दुमडलेल्या तीन घड्या होत्या आणि दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एक घडी उसवली जायची. तिन्ही उसवलेल्या घड्यांच्या खुणा अजून दिसतात. वरचं कापड विटलेलं, आत दडून राहिलेली पट्टी गडद, आणि जिथे घडीची कड होती तिथे घासून पांढुरकी झालेली रेघ. झाडाच्या बुंध्यात वर्षं मोजावीत तसं त्या परकरावर माझं वय मोजता येतं.

म्हणून आता मनू पडद्यावर वाढतच नाही. बाहुली बदलते ती दाराआड, मधल्या सीनमध्ये. आधी फक्त पावलं आणि मनगटं बदलतात, मग पाय, शेवटी धड. प्रेक्षकाला दिसतो तो परकर : आधी घोट्याला, मग पोटरीवर, आणि मग आजी तो मांडीवर घेऊन घडी उसवते. आठ सेकंदं आहेत ती या उसवण्याची.

पिंगुळी इथून जवळच आहे. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची, पोथी उलगडताना मी तिथे अनेकदा पाहिलीय. एक चित्र संपतं, दुसरं वर येतं, आणि मधलं सगळं ऐकणारा स्वतः पाहतो. डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट सीनमध्ये उतरवायला मला तीन महिने लागले.

आता कारागिरीचं. परकर पातळ मलमलीचा आहे, कागदावर चिकटवून पोस्टर कलरनं तीन छटांत रंगवलेला. आत दडलेल्या पट्टीला मूळ रंग, वर त्याच रंगाची पाणीदार छटा, घडीच्या कडेला सँडपेपर. उन्हात ठेवून खरोखर विटवायचा विचार होता, पण आषाढात ऊन कुठलं!

सगळ्यात जास्त छळलं ते दोऱ्यानं. घडीत सोळा टाके. मी प्रत्येक टाक्याला सहा फोटो दिले होते, हिशेब सुबक बसला. चालवून पाहिलं तर यंत्र शिवण उलटी चालवतंय असं दिसलं. पुन्हा आईच. "एकेक टाको कोण उसयता? चार टाके सोडून दोरो कापूचो नि ओढूचो." तिनं ब्लेड घेऊन करून दाखवलं आणि मी मोबाइलवर ते शूट केलं. कापताना हात थांबतो, ओढताना एकदम सुटतो, कापडाला चुणी पडते आणि ती मागाहून सावकाश उलगडते. शिवाय पहिल्या ओढीला हात जपून असतो, पुढे धीट होतो. त्यामुळे सोळा टाक्यांचे चार गट केले आणि फोटो वाटले 34, 26, 20, 16. बेरीज तीच 96, पण आता त्यात आजी आहे.

दोरा मात्र दमट हवेत आपोआप वळायचा. एकसष्टाव्या फोटोपर्यंत पोचले होते, जेवून परत आले तर दोऱ्याचा फास बदललेला. सगळं पहिल्यापासून. शेवटी शिंपी करतात तेच केलं, दोऱ्याला मेण चोळलं. मेणाचा दोरा ठेवला तिथेच बसतो.

मग जे झालं ते ठरवून केलेलं नव्हतं. टाके निघाल्यावर कापडाला सुईची भोकं राहायला हवीत, म्हणून टाचणीनं खरी भोकं पाडली. माझ्या रिगला, म्हणजे फोटो घ्यायच्या मांडणीला, काचेचे तीन थर आहेत आणि सगळ्यात खाली दुधी ॲक्रिलिकमागे दिवा आहे. शेवटचा दोरा काढून फोटो घेतला, तर सोळा भोकांतून खालचा उजेड वर आला. गडद लाल पट्टीवर सोळा ठिपके, रांगेत. मी खुर्चीत टेकून नुसती बघत राहिले. संगणकावरचं कंपोझिटिंग नाही, ग्लो नाही, फक्त टाचणी आणि दिवा.

दिव्याचंच विचारणारे बरेच आहेत, म्हणून थोडक्यात. घरच्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर पाव सेकंदावर ठेवलं की ते सगळं एका फोटोत मिसळून जातं. उरलेला फ्लिकर (फोटोगणिक कमी-जास्त होणारा उजेड) लेन्सच्या अ‍ॅपर्चरचा असतो, कारण उजेड आत घेणारं ते भोक प्रत्येक फोटोला नव्यानं मिटतं आणि दर वेळी तंतोतंत तेवढंच मिटत नाही. जुनी मॅन्युअल लेन्स लावली आणि तो गेला. महागडे दिवे घेण्याआधी हे करून पाहा.

कागदाबद्दल एक तक्रार. एका पुरवठादाराकडून 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) म्हणून मागवलेला कार्ड पेपर वजन केल्यावर बराच पातळ निघाला, आणि आठवड्यात सगळ्या बाहुल्यांचे हात केळीच्या सोपासारखे वळले. घेताना कागदाचं माप आणि वजन स्वतः काढून बघत जा. मी आता पाठीला जुन्या प्लास्टिक फाइलींची कव्हरं लावते. सावल्यांच्या बाहुल्यांचे सिनेमे करणाऱ्या लोटे रायनिगर काळ्या कार्डाबरोबर शिशाचे पातळ पत्रे वापरायच्या, त्यामुळे अवयव सपाट बसत. 1926 मधलं त्यांचं काम आजही फ्रेम फ्रेम थांबवून पाहण्यासारखं आहे. पण घरात लहान मूल असताना शिसं नको, म्हणून मी हातापायांच्या मागे बारीक पोलादी वॉशर चिकटवलेत. सांध्यांना मोटर वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार. बाहेरून मागवलेल्या पितळी पिनांपेक्षा ती कितीतरी सरस आहे : पीळ कमी-जास्त करून सांधा हवा तेवढा घट्ट ठेवता येतो.

आणि आता मोठी गोष्ट. हे लिहिता लिहिताच ठरतंय.

चिंधू, म्हणजे चिंध्यांचा तो इवलासा सवंगडी जो फक्त मनूला दिसतो, आजवर आजीच्या शिवणाच्या डब्यात राहत होता. त्या डब्याला गोष्टीत काही कामच नव्हतं. मागे इथे तुमच्याशी त्यावर बोलणंही झालं होतं आणि मी तो डबा हट्टानं ठेवला होता. पण ते सोळा ठिपके पाहिल्यापासून मनात एकच घोळतंय : चिंधू परकराच्या घडीत राहतो. जे कापड अजून उजेडात आलेलं नाही तेच त्याचं घर. दर वर्षी एक घडी उघडते आणि त्याची एक खोली कमी होते. ही शेवटची घडी आहे. मनूलाच परकर लांब हवाय, तिनंच आजीकडे हट्ट धरलाय, आणि टाके निघू लागल्यावर तिला कळतं की आपण काय मागितलं.

याची किंमत आहे. डब्यातले सगळे सीन जाणार, एक मिनिट चाळीस सेकंदं, म्हणजे 1200 फोटो. काल हा आकडा काढल्यावर छातीत धस्स झालं होतं. आज सकाळी अ‍ॅनिमॅटिकमध्ये (एपिसोडचा कच्चा चित्र-आराखडा) ते सीन काढून घडीचे कच्चे स्केच टाकले आणि गोष्ट पहिल्यांदाच आपल्या पायावर उभी राहिली. जाऊ देत 1200.

टायटलचं दृश्यही बदलतेय. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' केलं होतं. माझा तिसरा प्रयत्न फसला तेव्हा मी याच गोष्टीवर अडले होते : अंकुर डोळ्यांदेखत वाढताना सुंदर दिसतो, मग मनू का नाही? आता वाटतं, अंकुराला चेहरा नसतो. म्हणून वाढताना दाखवायचं ते अंकुरालाच दाखवते. ओल्या मलमलीवर मूग, खिडकी बंद, एकच दिवा, दर वीस मिनिटांनी एक फोटो. दोन दिवसांत 144 फोटो, बारा सेकंदं. टायटलला तेवढीच हवीत. मूग आज भिजत घातलेत.

संध्याकाळी भाची आली तेव्हा तिला नवा सीन दाखवला, आणि चिंधू घडीतून डोकं बाहेर काढतो तो दोन सेकंदांचा कच्चा तुकडाही. या वेळी ती मागे सरकली नाही. पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि विचारलं, "मगे आता तो खय रवतलो?" (मग आता तो कुठे राहणार?)

मी तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? तिनं बराच वेळ विचार केला आणि मग पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं, डावीकडून सातव्या. तेवढ्या भोकातून चिंधूला जाता येईल अशी त्याची एक बाहुली उद्या कापायची आहे, जेमतेम दोन मिलिमीटरची. त्यासाठी डोळे तपासणाऱ्यांकडचं डोक्याला लावायचं भिंग मिळतं का ते बघते. कुणी वापरलं असेल तर किती ताकदीचं घ्यावं ते सांगा.