गेमिंग लॅपटॉपचे फॅन बदलले: जानेवारी ते मार्चच्या नोंदी

मशीन 2019 च्या पिढीतलं. आय7-9750एच प्रोसेसर, जीटीएक्स 1660 टीआय ग्राफिक्स, 15.6 इंची स्क्रीन. प्रोसेसर 45 वॉटचा, ग्राफिक्स चिप 80 वॉटची, आणि ही सगळी उष्णता बाहेर फेकायला दोन ब्लोअर फॅन. मूळचेच फॅन इतकी वर्षं चालले होते. तापमान बिघडेपर्यंत थांबायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. फॅन मरायला टेकला तरी तापमानात ते लगेच दिसत नाही, कारण कंट्रोलर दोन्ही फॅनचा वेग वाढवून कमतरता झाकत राहतो. फॅनची तब्येत आधी कानाला कळते.

जानेवारीचा शेवट

सकाळी थंड मशीन चालू केलं की पहिली काही मिनिटं डावीकडून खरखर, आणि मशीन तापलं की ती विरून जाते. ही कोरड्या बेअरिंगची खूण. लॅपटॉपच्या पुष्कळ फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं: एक बारीक दांडा, त्याभोवती सच्छिद्र धातूची नळी आणि त्या नळीत मुरलेलं तेल. वर्षानुवर्षं गरम हवेत फिरून तेल आटतं, उरतं ते घट्ट होतं. थंडीत ते आणखी जड होतं म्हणून सुरुवातीला आवाज येतो, तापल्यावर पातळ होऊन तो दबतो. धुळीचं उलट असतं. धुळीने वाट अडली तर घासल्याचा आवाज येत नाही, नुसता वाऱ्याचा घोंगाट वाढतो, आणि मशीन तापेल तसा तो चढतच जातो.

खात्रीसाठी आणखी दोन चाचण्या घेतल्या. लॅपटॉप सावकाश एका बाजूने उचलून तिरका धरला तर खरखरीचा सूर बदलला, म्हणजे दांडा नळीत हलतोय. (आत एसएसडीच आहे, फिरती हार्ड डिस्क असती तर हे केलं नसतं.) मग फॅन पूर्ण वेगाच्या मोडवर टाकले आणि एचडब्ल्यूइन्फो या मशीनचे आतले आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे) आलेख पाहिला. फॅनची एक वायर दर फेऱ्याला दोन पल्स पाठवते, त्यावरून हा आकडा निघतो. उजवा 4,900 च्या आसपास स्थिर होता. डावा 4,200 ते 4,600 मध्ये नाचत होता. हुकूम एकच असताना एक फॅन असा डगमगत असेल तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा

फॅनचा शोध. मागचं कव्हर उघडून आधी दोन्ही फॅनच्या लेबलांचे फोटो काढले. लॅपटॉपचं मॉडेल सांगून फॅन मागवू नका, लेबलवरचा पार्ट नंबर जुळवा, हे मी प्रत्येकाला सांगेन. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळी ग्राफिक्स कार्डं येतात आणि त्याप्रमाणे फॅनही बदलतात. डावा आणि उजवा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात, त्यामुळे अदलाबदल होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्होल्टेज. गेमिंग लॅपटॉपमध्ये 5 व्होल्टचे फॅन असतात तसे 12 व्होल्टचेही असतात. साचा तोच, कनेक्टर तोच, पाती तीच असू शकतात, फरक फक्त लेबलवर. 12 व्होल्टच्या जागी 5 व्होल्टचा बसवला तर तो जळेल, उलट केलं तर धड फिरणारही नाही. माझ्या लेबलवर 5 व्होल्ट, 0.5 अँपिअर आहे, चार पिनचा कनेक्टर.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारली. दुकानदार काका मॉडेलचं नाव ऐकूनही घेईनात. "दादा, नाव राहू द्या, लेबल दाखवा." फोटो पाहून त्यांनी डावा फॅन काढला, पण तो भंगारातल्या मशीनमधला, धुऊन तेल घातलेला. तसं त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं. उजवा त्यांच्याकडे नव्हताच. मला जोडी हवी होती. दोन्ही फॅन सारखेच तास चालले आहेत, शिवाय या मशीनमध्ये दोन्ही चिपांवरून जाणारे हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) सामाईक आहेत. एक फॅन ढेपाळला की त्याचा बोजा दुसऱ्यावर पडतो. नवी जोडी ऑनलाइन मागवली.

ती येईपर्यंत डाव्या फॅनचं चक्र अलगद वर ओढून काढलं (माझ्या फॅनमध्ये ते चुंबकावरच बसलेलं असतं) आणि नळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. खरखर गेली. पण हा तात्पुरता इलाज. नळी झिजून लांबट झाली असेल तर तेल ती पुन्हा गोल करू शकत नाही.

पार्सल आल्यावर

मशीनमध्ये बसवण्याआधी दोन्ही फॅन टेबलावर फिरवून पाहिले. स्थिर 5 व्होल्टचा पुरवठा फक्त पॉवर आणि ग्राउंडला जोडला. वेग ठरवणारी वायर मोकळी ठेवली की चार वायरींचा फॅन पूर्ण वेगाने फिरतो. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे, म्हणून रंगावर विसंबू नका. जुन्या फॅनच्या पिना बोर्डवर मल्टिमीटरने तपासा आणि नव्याशी ताडून बघा. आडवे, उभे, उलटे, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ चालवले. टकटक नाही, कंप नाही. इथेच दोष सापडला तर परत पाठवणं सोपं असतं.

महाशिवरात्रीची सुट्टी

चार्जर काढला, कव्हर उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. पुठ्ठ्यावर मशीनची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचला. समोरच्या कडेचे स्क्रू आखूड आहेत, तिथे लांब गेला तर वरच्या भागाला आतून टेंगूळ येईल. फॅनचा कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही. त्याच्या दोन्ही कानांना प्लॅस्टिकच्या पट्टीने आळीपाळीने ढकलत बाहेर आणायचा.

डावा फॅन उचलला आणि खरी गंमत दिसली. फॅनच्या तोंडाशी, हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर आतल्या बाजूने धूळ आणि कापसाच्या तंतूंचा थर जमला होता, गोधडीच्या अस्तरासारखा. बाहेरून हवा मारून हा थर निघत नाही, उलट आत ढकलला जातो. चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात आला. कोणाला हवेचा फवाराच वापरायचा असेल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती मर्यादेबाहेर फिरतात, बेअरिंगला मार बसतो, शिवाय मोटर जनरेटरसारखी वीज उलट बोर्डात ढकलते.

जुन्या डाव्या फॅनच्या दांड्यावर एका बाजूला चकाकणारा पट्टा पडला होता. नखाने ढकललं तर चक्र दोन्हीकडे हलत होतं. उजव्यात झीज नव्हती, फक्त दांड्याभोवती काळ्या घट्ट तेलाचं कडं.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते स्पंजाबद्दल. फॅनचं तोंड आणि हीटसिंक यांच्यामध्ये मूळची एक बारीक फोमची पट्टी असते. माझी हात लावताच भुगा झाली. नव्या फॅनबरोबर ती येत नाही. ती नसेल तर फॅनने ढकललेल्या हवेचा काही भाग फटीतून परत पोटात शिरतो, तीच गरम हवा फॅन पुन्हा ओढतो, आणि नवा फॅन घालूनही माणूस विचारतो की फरक का पडला नाही. मी चिकट पाठीचा पातळ फोम फटीच्या मापाने कापून तिन्ही बाजूंनी लावला, वरचा सांधा उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने बंद केला. टेप फॅनच्या हवा ओढायच्या गोल तोंडावर येऊ द्यायची नाही.

हीटसिंकला मुद्दाम हात लावला नाही. फॅन आणि चिप व हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट एकाच वेळी बदलले तर कशाने किती फरक पडला ते कळत नाही.

आकडे

प्रोसेसर 45 वॉटवर बांधून ठेवला, खोली 29 अंश, प्रोसेसरला पूर्ण ताण देणाऱ्या सिनेबेंच आर23 चाचणीचं दहा मिनिटांचं आवर्तन, फॅन पूर्ण वेगाने. जुन्या फॅनवर 97 अंश. या प्रोसेसरची मर्यादा 100 आहे, म्हणजे अगदी काठावर. नवे फॅन, साफ हीटसिंक आणि फोम मिळून 90.

पुढच्या रविवारी हीटसिंक काढला. स्क्रूंवर क्रमांक कोरलेले आहेत, सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं. लॅपटॉपच्या चिपवर धातूची टोपी नसते, उघड्या सिलिकॉनवर पातळ पेस्ट गरम-थंड होताना हळूहळू कडेला सरकते. म्हणून पेस्टऐवजी पीटीएम7950 या उष्णतावाहक पदार्थाची शीट घेतली. साधारण 45 अंशांना ती मऊ होऊन पसरते आणि जागा सोडत नाही. वरची फिल्म नीट सुटावी म्हणून शीट आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली. ग्राफिक्सच्या सहा मेमरी चिपांवरचे पॅड अखंड होते, ते तसेच राहू दिले. जाडी चुकलेला नवा पॅड हीटसिंकला मुख्य चिपवरून उचलून धरतो, आणि तेव्हा सगळीच मेहनत वाया जाते.

शीटनंतर 83, आणि मशीन पुन्हा पुन्हा तापून थंड झाल्यावर 81 ला स्थिर. दोन्ही फॅनचा आरपीएम आता सरळ रेषेत चालतो.

मार्चचा मध्य

ऊन वाढलं, खोली 34 अंशांवर गेली आणि तीच चाचणी 86 दाखवू लागली. खोलीच्या वर 52 अंश, फेब्रुवारीतही तेवढेच होते. ऋतू बदलला तरी तुलना करता यावी म्हणून मी आता हाच फरक लिहून ठेवतो.

पुढचं काम फॅनच्या वेगाच्या वक्राचं, म्हणजे कोणत्या तापमानाला फॅन किती वेगाने फिरावा ते ठरवण्याचं. ब्राउझरचं एक पान उघडलं तरी प्रोसेसर क्षणभर उसळतो आणि फॅन मागोमाग धावतो. चढताना 70 अंशांना वेग वाढावा आणि उतरताना 60 च्या खाली आल्यावरच कमी व्हावा, असं अंतर ठेवून बघणार आहे. सतत चालू-बंद होण्याची दगदग नव्या बेअरिंगला द्यायची नाही.